घरचे मैदान आणि विजय हजारे

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर हजीऱ्यास मुलाकडे राहून आलो. सुरतेपलीकडे तापी समुद्रास मिळते त्या टोकाला हे हजीरा आहे. बंदर, कारखाने, रात्रंदिवस चालणारी मालाची ये-जा असा सारा पसारा तेथे असला तरी वसाहतीत संध्याकाळी फार शांतता असते. शेजारीच सुवाळीचा किनारा. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची प्रसिद्ध लढाई झाली ती तेथे. थोडे वर, खंबायतच्या आखातात, १७२१ साली इंग्रज खलाशांनी किनाऱ्यावर क्रिकेट खेळल्याची नोंद सापडते, आणि आपल्या देशातील क्रिकेटची ती सर्वांत जुनी नोंद मानतात. हजीऱ्याच्या मुलांना मात्र फुटबॉलचे वेड फार. माझा नातू त्यांच्यातलाच. तो गोल राखतो.

एका रविवारी सुरत शहरातील मुलांचा संघ खेळावयास आला. सारी वसाहत मैदानाभोवती लोटली होती. मध्यंतरापर्यंत आमची मुले एका गोलाने पुढे होती आणि लोकांचा उत्साह पाहून मलाही तरुण झाल्यासारखे वाटले. पुढे एक साधा चेंडू नातवाच्या हातांतून निसटून गोलात गेला. येथपर्यंत काहीच बिघडलेले नव्हते, सामना बरोबरीत होता. परंतु लोकांचा सूर बदलला. ज्यांनी टाळ्या वाजविल्या तेच आता चुकचुकू लागले, कोणी नावे ठेवू लागले. सांगावयास लाज वाटते, पण त्या ओरडणाऱ्यांत मीही होतो. आमच्या मुलांचे पाय जणू चिखलात रुतले आणि दहा मिनिटांत आणखी दोन गोल झाले. नातू घरी आला तो जेवलाच नाही. रात्री उशिरा त्याने एवढेच सांगितले की इतरांचे ओरडणे त्याला नेहमीचेच होते, माझा आवाज मात्र त्याला वेगळा ऐकू आला.

त्या रात्री मला झोप लागेना. आणि का कोण जाणे, डोळ्यांपुढे एकसारखे विजय हजारे येऊ लागले.

बडोद्यातील आपल्या जुन्या घरांतून हजाऱ्यांचे नाव घेतले जाते ते घरच्या माणसाचे घ्यावे तसे. परंतु ते मूळचे बडोद्याचे नव्हेत, हे पुढच्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. त्यांचा जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा. वडील शाळामास्तर, घर मराठी ख्रिस्ती, भावंडे आठ. देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनी हा मुलगा हेरला. ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याच्याकडून त्यांना धडे मिळाले. हजाऱ्यांची उभे राहण्याची तऱ्हा विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये अडकविल्यासारखी धरावयाची! कोणीही शिक्षक ती मोडून काढता. ग्रिमेटने ती तशीच राहू द्यावी असे सांगितले, हे त्या खेळियाचे आपल्यावर मोठे उपकार होत.

१९३९-४० च्या रणजी सामन्यांत ते महाराष्ट्राकडून पुण्यास खेळले आणि नाबाद ३१६ धावा काढल्या. भारतीय खेळाडूने प्रथम दर्जाच्या सामन्यात काढलेले ते पहिले त्रिशतक. प्रतिपक्ष कोणता होता? बडोदा! पुढे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांच्या आश्रयाने हजारे संस्थानच्या नोकरीत आले आणि ज्या संघाला त्यांनी झोडपले त्याच संघाचे आधारस्तंभ झाले. १९४२-४३ साली बडोद्याने रणजी करंडक प्रथम जिंकला तो सिकंदराबादेस, हैदराबादच्या संघाला त्याच्याच मुलखात ३०७ धावांनी हरवून.

पण मला त्या रात्री आठवत होता तो मुंबईचा पंचरंगी सामना.

पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर पाडलेले असत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि या चारांत न बसणारे ते सारे पाचव्या, रेस्ट नावाच्या संघात. १९४० साली गांधीजींनी या सामन्यांविषयी नापसंती दर्शविली होती, तरी ते १९४६ पर्यंत चालूच राहिले. हिंदू संघाला हिंदूंच्या टाळ्या, मुसलमानांना मुसलमानांच्या, पारशांना पारशांच्या. रेस्टला कोणाच्या? ख्रिस्ती समाज तो केवढा! ब्रेबोर्न स्टेडियमवर या संघाचे घर कोठेच नव्हते. हजारे या संघातून खेळत.

१९४३ च्या स्पर्धेत त्यांनी मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धावा काढून उच्चांक केला. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंटने नाबाद २५० काढून तो मोडला. प्रेक्षकांना आणखी काय हवे होते? हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांतल्या ५९ हजाऱ्यांच्या. फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावातही पडझड सुरू झाली. तेव्हा हजाऱ्यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक येऊन उभे राहिले. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेकचा वाटा होता २१ धावांचा! बाकीचे काम त्याने नुसते उभे राहून केले, आणि हे काम सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा करून पाहावे. विजय हजाऱ्यांच्या धावा झाल्या ३०९, संघाच्या ३८७. मर्चंटचा उच्चांक त्याच सामन्यात मोडला गेला. रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पण सामना कोणी जिंकला हे सांगण्यास आज पुस्तक उघडावे लागते, ३०९ मात्र जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. एवढ्या मैदानात आपला म्हणावा असा एक भाऊ समोरच्या टोकाला होता, तेवढा त्यांना पुरला असे मला वाटते.

याच्या उलट चित्र मार्च १९४७ चे. रणजीचा अंतिम सामना बडोद्यात, आणि समोर इंदूरचा बलाढ्य होळकर संघ, त्याचे नेते सी. के. नायडू. आमचे नाना तो सामना पाहावयास रोज जात. पुढे पंचवीस वर्षे आमच्या घरी त्याची पारायणे झाली. होळकर संघ २०२ धावांत बाद झाला, पण बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांत परतले. नाना सांगत की त्या वेळी मैदानावर कोणी ओरडले नाही. रावपुऱ्यातली, दांडिया बाजारातली, मांडवीकडची माणसे नुसती बसून राहिली. मग हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली. गुल महंमद ठेंगणा, डावखुरा, चपळ. हजारे संथ, चेहऱ्यावरची रेघ न हलणारे. ५३३ मिनिटांत दोघांनी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमदच्या ३१९, हजाऱ्यांच्या २८८. वेस्ट इंडीजच्या वॉरेल-वॉलकॉट जोडीची ५७४ ची भागी त्यांनी मागे टाकली, आणि हा जागतिक विक्रम २००६ साली संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडीपर्यंत टिकला. बडोद्याच्या ७८४ झाल्या आणि विजय एक डाव ४०९ धावांनी मिळाला.

आता सालाकडे पाहा. १९४७ चा मार्च. पंजाब पेटलेला होता, पाच महिन्यांनी देश तुटावयाचा होता. अशा वेळी एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान बडोद्यासाठी धावा करीत होते आणि हिंदू बहुसंख्य असलेला गाव त्यांना आपले म्हणून डोक्यावर घेत होता. मुंबईत ज्याला कोणाची गर्दी नव्हती त्याला येथे घर मिळाले. गुल महंमद फाळणीनंतरही काही वर्षे येथेच राहिले, १९५२ साली पाकिस्तानविरुद्ध भारताकडून खेळले आणि नंतर तिकडे जाऊन १९५६ साली पाकिस्तानतर्फेही एक कसोटी खेळले. नाना त्यांचे नाव शेवटपर्यंत आपल्या माणसांतच घेत.

घरच्या गर्दीने खेळ उंचावतो, हे यावरून सिद्ध झाले असे वाचक म्हणतील. मी तसे म्हणणार नाही, कारण पुढच्याच वर्षीचे अ‍ॅडलेड आड येते. जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा, ब्रॅडमनच्या २०१. त्यांचा त्रिफळा उडविला तो हजाऱ्यांनीच. मग हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ काढल्या. दुसऱ्या डावात भोपळा फुटण्यापूर्वीच दोन गडी गेले, लिंडवॉल तोफेसारखा सुटला होता, आणि हजाऱ्यांनी पुन्हा १४५ काढल्या. एका कसोटीत दोन शतके काढणारे ते पहिले भारतीय. आपली माणसे तेथे हजारो मैलांत नव्हती.

आणि फेब्रुवारी १९४९ ची मुंबईची कसोटी. वेस्ट इंडीजविरुद्ध जिंकण्यास ३६१ हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ काढून विजय आवाक्यात आणला. शेवटच्या घटकेला सारे ब्रेबोर्न उभे राहिले होते. ८ बाद ३५५, सहा धावा उणे, आणि पंचांनी खेळ संपविला तेव्हा षटकातील एक चेंडू टाकावयाचा राहिलाच होता! त्या कोलाहलात गफलत झाली. गर्दीने खेळाडूपेक्षा पंचच अधिक भांबावतो, असे मला पूर्वीपासून वाटत आले आहे. इंग्लंडात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुटबॉलच्या पंचांना एकाच सामन्याची चित्रफीत काहींना आवाजासह व काहींना आवाजावाचून दाखविली, तेव्हा आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाचे अपराध कमी धरले. २०२० च्या साथीत जर्मनीतील फुटबॉल सामने रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हाही यजमानांचे विजय बरेच घटले. म्हणजे गर्दीचा उपयोग होतो तो खराच. पण १९५० साली रिओच्या माराकाना मैदानावर दोन लाखांच्या आसपास लोक घरच्या संघाच्या विजयासाठी जमले होते, आणि उरुग्वेने बरोबरी करताच ती अफाट गर्दी गप्प झाली. ब्राझील २-१ ने हरले. त्यांचा गोलरक्षक बार्बोसा याला लोकांनी जन्मभर क्षमा केली नाही. हजीऱ्याहून परतल्यापासून हा बार्बोसा माझ्या मनातून जात नाही.

हजाऱ्यांच्या आयुष्यात असे ओझे आले ते कर्णधारपदाच्या रूपाने. १९५१ साली इंग्लंडविरुद्ध त्यांना नेतृत्व मिळाले. दिल्लीस नाबाद १६४ आणि मुंबईस १५५ अशी सुरुवात तर झोकात झाली. परंतु स्वभाव भिडस्त, कोणास दुखवावयाचे नाही, आणि देशभरच्या अपेक्षा खांद्यावर. बॅट हळूहळू जड झाली असे जाणकार मानीत आले आहेत. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला विनू मंकडच्या गोलंदाजीच्या जोरावर इंग्लंडचा एक डाव ८ धावांनी पराभव झाला, भारताचा पहिलाच कसोटी विजय, आणि तो वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. हजारे त्याचे कर्णधार. पण चौदा कसोटींत एवढाच विजय त्यांच्या नावावर राहिला. त्याच वर्षी अमरनाथांच्या हाताखाली पाकिस्तानविरुद्ध मुंबईस खेळताना त्यांनी नाबाद १४६ काढल्या. जू उतरल्यावर बैल मोकळा चालावा, तसे.

लीड्सचा प्रसंग मात्र कर्णधार असतानाचा, म्हणून मला अधिक मोलाचा वाटतो. जून १९५२. दुसऱ्या डावात भारताच्या खात्यावर एकही धाव नाही आणि चार गडी बाद: पंकज रॉय, आपल्या बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. ट्रूमन नावाचा नवा गोलंदाज वाघासारखा धावून येत होता आणि ते यॉर्कशायरचे लोक आपल्या यॉर्कशायरच्या पोराला चेतवीत होते. हजाऱ्यांनी ५६ काढल्या, दत्तू फडकरबरोबर १०५ धावांची भागी केली. सामना हरलाच. परंतु शून्यावर चार ही पाटी पाहून जो माणूस नेहमीच्याच संथ पावलांनी मैदानात जातो, त्याच्या कानांत काय वाजत असेल?

मी शाळकरी असताना मोतीबागेत कुंपणाबाहेरून त्यांना खेळताना पाहिले आहे. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. चेंडू टाकण्यापूर्वी ते कधी प्रेक्षकांकडे पाहात नसत आणि चौकार गेल्यावरही पाहात नसत. आम्ही मुले त्यामुळे थोडी नाराजच असू. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच ते वारले. त्यांच्या नावाची आंतरप्रांतीय एकदिवसीय स्पर्धा दरवर्षी भरते, आणि तीत खेळणाऱ्या किती मुलांना त्या ३०९ ची गोष्ट ठाऊक असेल, असो.

हजीऱ्याहून निघण्याच्या आधल्या रविवारी पुन्हा सामना होता. नातू जावयास तयार नव्हता. मी त्याला विवेक हजाऱ्याच्या २१ धावांची हकीकत सांगितली. त्याने ती हिशेबाने ऐकली, तीनशेतून एकवीस वजा केले आणि बूट चढविले. मी गर्दीत न बसता त्याच्या गोलामागे, जाळीपासून चार हात दूर, खुर्ची टाकून बसलो. सामना बरोबरीत सुटला. सबंध वेळ मी तोंडातून एक शब्द काढला नाही. मध्यंतराला तो पाणी प्यावयास आला तेव्हा त्याने मागे वळून मी तेथेच आहे ना, एवढे पाहून घेतले.