हाफकिन: ज्याने प्लेगचा अख्खा जिवाणूच सुईत भरला

महाड किंवा पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटा लस देतात. त्यातला डांग्या खोकल्याचा भाग म्हणजे काय असतं, माहितीये? मारलेले अख्खे जिवाणू. ही पद्धत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आणली एका परदेशी माणसाने, मुंबईत, १८९७ साली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. हाफकिन कोण, हे मात्र फारसं कोणाला सांगता येत नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात झाला. तिथे ते मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. रक्तातल्या काही पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणारे ते हेच मेचनिकोव्ह. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) धर्म बदलला असता तर हाफकिन यांना प्राध्यापकी मिळाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. शेवटी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली ती ग्रंथालयात! फावल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. माणसं मिळेल त्या वाटेने शहर सोडू लागली. गिरणीत काम करणारे कितीतरी लोक कोकणातले, त्यामुळे त्यांची वाट गलबताने गावाकडे. महाडला तेव्हा सावित्रीच्या खाडीतून होड्या येत. माणसाबरोबर रोगही प्रवास करतो, हे आपण करोनात पाहिलंच आहे.

हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा बोळ मिळाला, एवढीच प्रयोगशाळा. त्यांची कृती ऐकायला जवळजवळ स्वयंपाकासारखी वाटते. इथल्या लोकांना गोमांस चालणार नाही म्हणून बोकडाच्या मटणाचं पाणी घेतलं आणि वर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढायचे. दर काही दिवसांनी फ्लास्क हलवायचा, झुंबर खाली पाडायचं, पुन्हा वाढू द्यायचं. असे काही आठवडे गेले की सगळं तापवून जिवाणू मारायचे.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी १० मिलिलिटर लस स्वतःला टोचून घेतली. चांगला ताप आला, पण जिवावर बेतलं नाही. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे तयार झालेल्या साधारण निम्म्या कैद्यांना लस दिली. दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले आणि ६ गेले. लस घेतलेल्यांत २ आजारी पडले, गेलं कोणीच नाही. दोन गट करून तुलना करणं आज साधं वाटतं. त्या धामधुमीत ते सुचणं मला लसीइतकंच मोठं वाटतं.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि लाखो डोस बाहेर पडू लागले. मग आलं १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतले होते, बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेले ठणठणीत. साध्या तर्काने दोष बाटली उघडताना झालेला दिसतो, आणि तिथे चिमटा जमिनीवर पडल्याचंही पुढे आलं. तरीही ठपका परळवर बसला. हाफकिन यांना कामावरून दूर केलं. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये दोष पुसला गेला. नोकरी परत मिळाली, पण कलकत्त्यात. परळ नाही.

आता लसीतला कच्चा दुवा. गाठीच्या प्लेगवर ती बरीच चालायची. फुफ्फुसाच्या प्लेगवर, जो खोकल्यातून पसरतो आणि उपचार नसेल तर बहुतेक रोग्यांना मारतो, अशा मारलेल्या जिवाणूंच्या लसी कमी पडतात. शिवाय ताप येतो, हात सुजतो. कारण अख्ख्या जिवाणूत शरीराने ओळखायलाच हवं असं थोडंच असतं, बाकी नुसता त्रासदायक ऐवज.

मग ओळखायचं काय? प्लेगचा जिवाणू आपल्या अंगाच्या उष्णतेला, ३७ अंशांच्या आसपास, एका प्रथिनाचा अंगरखा घालतो. त्याचं नाव एफ-१. हा अंगरखा असला की मेचनिकोव्ह यांनी पाहिलेल्या त्या गिळणाऱ्या पेशींना जिवाणू नीट धरताच येत नाही. दुसरं प्रथिन म्हणजे व्ही. जिवाणू आपल्या पेशीत विष सोडायला सुईसारखी नळी वापरतो, तिच्या टोकावर हे बसतं. शरीराला ही दोन प्रथिनं आधीच ओळखीची करून दिली, तर अंगरखाच पकडायची खूण बनतो आणि सुई बोथट होते. या जोडीच्या लसींनी उंदरांना फुफ्फुसाच्या प्लेगपासूनही वाचवलंय. माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, होतही आहेत, पण लसीकरणाच्या सरकारी यादीत अजून ती नाही.

हीच कल्पना न्यूमोनियातही आहे. २०२१ पासून देशभर बाळांना मिळणारी न्यूमोकोकल लस जिवाणूवरच्या साखरेच्या आवरणाला ओळखायला शिकवते. पण त्या आवरणाचे शंभराच्या आसपास प्रकार, आणि लसीत मावतात दहा-वीस. म्हणून सगळ्या प्रकारांत जवळपास सारखं असणारं पृष्ठभागावरचं प्रथिन शोधायचं काम चालू आहे.

हाफकिन यांनी १९१५ च्या आसपास भारत सोडला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं. १९९४ मध्ये बीडच्या मामला गावात आणि सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा फुफ्फुसाच्या प्लेगवर भरवशाची लस कोणाच्याच हातात नव्हती. लोक टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शोधत फिरत होते.