हरणांच्या हितासाठी रोष पत्करणारे लिओपोल्ड

कळप वाढवायचा तर मादीवर बंदूक रोखू नये, ही समजूत अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या मनात खोलवर रुजलेली होती. विस्कॉन्सिन राज्यात १९१५ पासून केवळ शिंगे असलेल्या नराच्या शिकारीला मुभा होती. बेसुमार शिकारीने विरळ झालेले कळप त्यामुळे सावरले. मात्र पुढे वाढत्या हरणांना रान अपुरे पडू लागले. ही विसंगती जाहीरपणे मांडण्याचे धैर्य आल्डो लिओपोल्ड यांनी दाखविले.

आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे ११ जानेवारी १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात वनशास्त्राचे शिक्षण घेऊन १९०९ मध्ये ते वनखात्यात दाखल झाले. लांडगे नाहीसे झाले की हरणे वाढतील, असे तरुणपणी त्यांनाही वाटे. परंतु ॲरिझोनातील कैबाब पठारावर हिंस्र पशूंचा संहार आणि शिकारबंदी यांनंतर हरणे भरमसाट वाढली आणि १९२०च्या दशकात हजारोंच्या संख्येने उपासमारीने मेली. लिओपोल्ड यांचे मत पालटले.

१९३३ मध्ये त्यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात ते या विषयाचे प्राध्यापक झाले. १९४३ मध्ये राज्याच्या निसर्गसंवर्धन आयोगावर त्यांची नियुक्ती झाली. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे केवळ नर मारल्याने जन्म घटत नाहीत, कळपाला आवर घालायचा तर माद्याही कमी कराव्या लागतील, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्या वर्षी नरांबरोबरच बिनशिंगी हरणांच्या शिकारीसही परवानगी मिळाली. सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली आणि राज्यभर गहजब उडाला. माद्या आणि पाडसांच्या हत्येचे खापर लिओपोल्ड यांच्यावर फोडण्यात आले. माद्यांची शिकार पुन्हा बंद झाली. लिओपोल्ड मात्र आपल्या भूमिकेवर ठाम राहिले.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझविताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनने बिनशिंगी हरणांची शिकार पुन्हा खुली केली. नर-माद्यांच्या शिकारीचा समतोल हा आज तेथील हरीण-व्यवस्थापनाचा पाया मानला जातो. तो मान्य झालेला पाहणे लिओपोल्ड यांच्या नशिबी नव्हते.