हाफकिन आणि सुईवरचा विश्वास

रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पहिल्या चोवीस तासांतच हिपॅटायटिस-बीविरुद्धची लस मांडीवर टोचली जाते. देशभरच्या लसीकरण कार्यक्रमाचा तो पहिला टप्पा आहे. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यातली पुष्कळ बाळे अंगाने पिवळसर दिसू लागतात. मोडलेल्या रक्तपेशींतून तयार होणारे पित्तद्रव्य हाताळण्याइतके नवजात यकृत अजून तयार झालेले नसते, हे त्यामागचे साधे कारण. परंतु आजीच्या मनात वेगळीच सांगड बसते. सुई टोचली आणि कावीळ झाली, म्हणजे सुईनेच कावीळ आणली! हा पिवळेपणा बहुधा आपोआप ओसरतो. पहिल्याच दिवशी दिसला किंवा वाढत गेला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे लागते. लसीशी त्याचा काही संबंध नसतो.

आजीला हसण्याचे कारण नाही. सुईविषयीची शंका कोकणात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. ती समजून घ्यायची, तर एका परक्या माणसाचे चरित्र पाहावे लागते. परळच्या हाफकिन संस्थेमुळे त्यांचे नाव मुंबईकरांच्या तोंडी असते. माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पांढऱ्या रक्तपेशींच्या संशोधनामुळे पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. झारच्या राजवटीत ज्यूंवर हल्ले होत असताना स्वसंरक्षणासाठी उभे राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता, तर विद्यापीठात नोकरी मिळाली असती. त्यांनी तो स्वीकारला नाही. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. प्रथम जिनिव्हा आणि नंतर पॅरिसची पाश्चर संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. पाश्चर संस्थेत त्यांना मिळालेली पहिली जागा ग्रंथपालाच्या कामाची होती.

फावल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर काम केले आणि लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पटकी हा मुख्यतः हिंदुस्थानचा आजार, म्हणून १८९३ मध्ये ते इकडे आले. कलकत्त्याच्या एका वस्तीत सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे पटकी आली, तेव्हा आजारी पडले ते सगळे न टोचलेले. पुढे हिवतापाने शरीर खिळखिळे झाल्यावर त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले, आणि शहराचा धीर सुटला. १८९७ च्या प्रारंभापर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. त्या काळच्या मुंबईत परगावी जन्मलेल्यांमध्ये सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता (तेव्हा आजचा सिंधुदुर्ग त्यातच मोडत असे). गिरणीतला, गोदीतला चाकरमानी गावाकडे निघाला, तो आगबोटीने किंवा पायी. मुंबईची साथ ही अशा रीतीने पहिल्या दिवसापासून कोकणच्या घराघरांचीही काळजी होती.

सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा अर्क लागे. गाय किंवा डुक्कर यांचा संबंध आला, तर हिंदू-मुसलमान कोणीच लस घेणार नाहीत हे ओळखून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले, की त्यांना धरून जंतूंच्या वसाहती छताला लोंबणाऱ्या झुंबरांसारख्या खाली वाढत. मग हे सगळे तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. आजच्या काळात ही कृती ओबडधोबड वाटेल. परंतु तूप आणि बकरा यांची निवड करणाऱ्याने प्रयोगशाळेबरोबर आसपासचा समाजही वाचला होता, असे मला वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला दहा घनसेंटीमीटर लस टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, पण कामात खंड पडला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. स्वेच्छेने पुढे आलेल्या निम्म्याच्या आसपास कैद्यांना लस टोचली गेली. टोचणीच्या दिवशीच ज्यांना लागण झालेली होती ते वगळले, तर न टोचलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले.

तरीही लोक लसीकडे धावत आले, असे झाले नाही. ते दिवस घरात घुसून झडती घेणाऱ्या सोजिरांचे होते. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडचा वध झाला, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. सरकारच्या हातून येणारी प्रत्येक गोष्ट संशयाने पाहिली जात होती. लस त्याला अपवाद कशी असेल? सक्तीने लस टोचणे हाफकिन यांना मान्य नव्हते. त्यांना साथ मिळाली ती तिसऱ्या आगाखानांची. आगाखानांनी सर्वांसमक्ष स्वतः लस घेतली, आपला माझगावचा बंगला प्रयोगशाळेला दिला आणि खोजा समाजातील हजारो लोक त्यांच्यामागून पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. दक्षिणेत हुबळी शहराने तर १८९८ मध्येच बहुसंख्येने लस टोचून घेतली होती.

पुढची घटना पंजाबातली आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले एकोणीस जण धनुर्वात होऊन मरण पावले. हे एकोणीस जण एकाच बाटलीतून लस मिळालेले होते. त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता आणि ती परळला एकेचाळीस दिवसांपूर्वी भरली होती.

चौकशी आयोग बसला. वाढती मागणी पुरवण्यासाठी हाफकिन यांनी कृतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते. त्यावर आयोगाने बोट ठेवले आणि बाटली परळलाच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना संचालकपद सोडून जावे लागले. परंतु कागदपत्रांत आणखी एक तपशील होता. मुलकोवालला बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळण्यात आला नाही. कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून लगेच वापरला गेला. धनुर्वाताचे बीज मातीत असते, आणि अशा बुचकळण्याने ते मरत नाही. शिवाय एकेचाळीस दिवस ते जंतू बाटलीत वाढत असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती.

या एका चिमट्याचा यकृताच्या आजाराशी संबंध काय, असे वाचकांना वाटेल. लसीच्या इतिहासातल्या आणखी दोन दुर्घटना थेट यकृताच्या आहेत. १८८३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन शहरात जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना देवीची लस देण्यात आली. ती इतर माणसांच्या फोडांतील द्रवापासून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत १९१ जणांना कावीळ झाली. १९४२ मध्ये पीतज्वराची लस दिलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे पन्नास हजार जण काविळीने आजारी पडले, कारण त्या लसीत माणसाच्या रक्तातील द्रव वापरला होता. दोन्ही वेळी दोष लसीच्या तत्त्वाचा नव्हता. दुसऱ्याच्या शरीरातून तिच्याबरोबर काहीतरी आले होते. ते काहीतरी कोणते, हे १९६० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. बरुच ब्लमबर्ग यांच्या संशोधनातून उलगडत गेले. तोच हिपॅटायटिस-बीचा विषाणू. ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातून येणाऱ्या काविळीहून वेगळा आहे. हिपॅटायटिस-ए आणि ई दूषित अन्नपाण्यातून पसरतात आणि बहुधा काही आठवड्यांत बरे होतात. ‘बी’ पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे. शरीराबाहेरही तो निदान सात दिवस तग धरतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात त्याची साथ उद्भवली, ती वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे. त्याचे सर्वांत मोठे कपट वयाशी निगडित आहे. प्रौढ माणसाला लागण झाली, तर शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक जणांचे शरीर त्याला हुसकून लावते. जन्माच्या वेळी लागण झाली, तर नव्वद टक्के बाळांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम करतो. काही न दुखता, काही न खुपता, वीस-तीस वर्षे. मग यकृत आक्रसते किंवा त्याचा कर्करोग होतो. पहिल्या चोवीस तासांचा आग्रह त्यासाठी आहे. आईच्या रक्तात विषाणू असला, तरी वेळेवर टोचलेली लस पुष्कळ बाळांना वाचवते; अशा बाळांना तिच्यासोबत तयार प्रतिपिंडांचे आणखी एक इंजेक्शनही दिले जाते. नंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लसीतून उरलेले डोस मिळतात. प्रौढांना तीन डोस लागतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ज्याला लागण आधीच झाली आहे, त्याला मात्र लसीचा उपयोग नसतो. त्यासाठी रक्ताची साधी चाचणी असते, आणि गरोदर स्त्रीने ती चुकवू नये.

आजची लस माणसाच्या रक्तापासून होत नाही. १९८१ मधली पहिली लस रक्तद्रवापासून केलेली होती. १९८६ पासून यीस्टच्या पेशींत विषाणूच्या केवळ बाहेरच्या आवरणाचे प्रथिन तयार करण्याची पद्धत आली. हैदराबादमध्ये १९९७ पासून ती देशातच बनू लागली आणि किंमत आवाक्यात आली. या लसीत विषाणू नाही, मेलेलासुद्धा नाही. त्यामुळे तिच्यातून कावीळ होणे शक्यच नाही. सुईही एकदा वापरल्यावर पुन्हा भरता येत नाही अशी असते.

हाफकिन यांच्या नशिबी असा पुरावा लवकर आला नाही. लंडनच्या लिस्टर संस्थेने कागद तपासले. मलेरियाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू लावून धरली. १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी टाइम्समध्ये पत्र लिहिले, तेव्हा कोठे सरकारने त्यांच्यावरील ठपका मागे घेतला. पाच वर्षे गेली होती. या काळात प्लेग थांबलेला नव्हता, आणि पंजाबात लसीकरणाचा जोर ओसरला होता. हाफकिनच्या लसीचा परिणाम काही महिनेच टिकत असे; दर साथीला लोकांना पुन्हा तयार करावे लागे, आणि त्याला लागतो विश्वास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचे केशवसुत ७ नोव्हेंबर १९०५ रोजी प्लेगने गेले, ते त्याच हुबळीत, जिने सात वर्षांपूर्वी लसीसाठी रांगा लावल्या होत्या. पाठोपाठ आठवडाभरातच त्यांची पत्नीही गेली. केशवसुतांचे वय तेव्हा चाळीसही नव्हते.

निर्दोष ठरूनही हाफकिन यांना परळ परत मिळाले नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली आणि पूर्वीसारखे काम त्यांच्या वाट्याला आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त होऊन युरोपात गेले. शेवटची वर्षे त्यांनी ज्यू धर्माच्या अभ्यासात घालवली. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली, अशी कृतज्ञ नोंद त्यांनी त्या वेळी उत्तरादाखल केली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या नावाचे तिकीट काढले. परळची ती जुनी वास्तू अजून उभी आहे. त्याच परिसरातील, हाफकिन यांचेच नाव लावणाऱ्या महामंडळाने वर्षानुवर्षे देशाला पोलिओचे डोस पुरवले. पोलिओचे पहिले दोन थेंब रत्नागिरीतल्या त्या बाळालाही मिळतात, मांडीवरच्या सुईबरोबरच.