वंशाविना मूळपुरुष : फेर्नांव लोपिश

सेंट हेलेना हे नाव उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांस नेपोलियनचे स्मरण होते. 1815 मध्ये त्या पराभूत सम्राटास इंग्रजांनी या बेटावर आणून ठेवले आणि 1821 मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. दक्षिण अटलांटिक महासागरातील हे बेट अवघे 122 चौरस किलोमीटरांचे. आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारे 1,900 किलोमीटर दूर. परंतु नेपोलियनच्या आगमनापूर्वी सुमारे तीनशे वर्षे आधी एक मनुष्य या बेटावर आपल्या इच्छेने उतरला होता. त्याने तेथे एकांतवास का पत्करला, याचे उत्तर आपल्या गोव्याच्या भूमीत सापडते. त्याचे नाव फेर्नांव लोपिश.

त्याच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी बेटावरील आजच्या माणसांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही वस्ती आज साडेचार हजारांच्या आसपास आहे, आणि आपल्या घराण्याचे मूळ शोधण्याची हौस तेथेही आहे. आपण ज्याप्रमाणे त्र्यंबकेश्वरी किंवा काशीला गेल्यावर क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांचे नाव शोधतो, त्याप्रमाणे तेथील लोक जेम्सटाउन या राजधानीतील जुन्या दफ्तरात शोधतात. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने 1659 मध्ये येथे कायमची वसाहत केली. पूर्वेकडून परतणाऱ्या जहाजांना गोडे पाणी, भाजीपाला व मांस पुरविणे हे या ठाण्याचे काम. 1834 मध्ये बेट ब्रिटिश राजसत्तेकडे गेले, तोपर्यंत कंपनीचा अंमल होता. तिच्या शिरस्त्याप्रमाणे ठराव, जमिनी, विवाह, बाप्तिस्मे यांची नोंद होत गेली.

तथापि ही वाट सर्वांना सारखीच खुली नाही. ज्यांचा पूर्वज कंपनीचा शिपाई वा शेतकरी होता, त्यांना त्याचे नाव व आडनाव मिळते. ज्यांची पूर्वज गुलाम म्हणून आणलेली एखादी स्त्री होती, त्यांना बहुधा मालकाने ठेवलेले एक नाव तेवढे मिळते. तिचे गाव कोणते, आईबाप कोण, याविषयी कागद मूक आहेत. 1840 नंतर ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू जहाजांतून सोडविलेले सुमारे पंचवीस हजार आफ्रिकी लोक या बेटावर उतरविले. त्यांतील हजारो तेथेच मृत्यू पावले. 2008 मध्ये विमानतळाच्या कामाच्या वेळी रुपर्ट्स खोऱ्यात त्यांपैकी 325 जणांचे अवशेष बाहेर काढण्यात आले, आणि 2022 मध्ये त्यांचे पुन्हा दफन झाले. त्या अवशेषांस नाव देणारी नोंदवही कोठेही नाही.

अशा रीतीने मागे मागे जात शोधक 1659 पर्यंत पोहोचतो. त्याही पलीकडे गेल्यास बेटाच्या पहिल्या रहिवाशाचे नाव लागते, ते लोपिशचे.

लोपिश हा पोर्तुगालचा सैनिक. आफोंसो द अल्बुकर्कच्या सेनेत तो हिंदुस्थानात आला. 1510 मध्ये अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतले, काही महिन्यांतच गमावले, आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. पुढच्या वर्षी तो मलाक्काच्या मोहिमेवर गेला. ही संधी साधून आदिलशाही फौजा पुढे सरसावल्या व त्यांनी बाणस्तारी येथे ठाणे बळकट करून गोव्यावर वेढा घातला. जी बाणस्तारी आपण फोंड्याकडे जाता-येता ओलांडतो, तीच ही. या काळात काही पोर्तुगीज सैनिक विजापूरच्या पक्षास मिळाले व मुसलमान झाले. लोपिश त्यांच्यापैकी एक होता.

1512 मध्ये अल्बुकर्क परतला आणि त्याने बाणस्तारीवर तोफा डागल्या. आदिलशाही सरदार रसूलखान शरण आला. परंतु आपल्याकडे आलेल्या पोर्तुगिजांचे प्राण घेतले जाणार नाहीत, असे वचन त्याने प्रथम घेतले. अल्बुकर्कने ते वचन अक्षरशः पाळले. त्याने कोणाचेही प्राण घेतले नाहीत. फक्त त्या सर्वांचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडून टाकविला. अल्बुकर्कचा चिटणीस राहिलेल्या गाश्पार कोरैया याने ही हकिकत आपल्या बखरीत नमूद केली आहे, आणि लोपिशचे चरित्र आपणांस मुख्यतः त्याच्यामुळेच कळते.

1515 च्या अखेरीस अल्बुकर्क निवर्तला. त्यानंतर लोपिश मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला. वाटेत जहाज पाण्यासाठी सेंट हेलेनास थांबले. हे बेट पोर्तुगिजांना 1502 मध्ये सापडले होते, पण तेथे मनुष्यवस्ती नव्हती. लोपिश किनाऱ्यावर उतरला आणि रानात लपून बसला. छिन्न चेहरा घेऊन आपल्या माणसांसमोर उभे राहण्यापेक्षा त्याला निर्जन अरण्य बरे वाटले असावे. खलाशांनी शोध केला, तो सापडला नाही. तेव्हा त्यांनी बिस्किटे, सुके मांस, मासळी, मीठ, विस्तव आणि जुने कपडे किनाऱ्यावर ठेवले, एक चिठ्ठी ठेवली, व ते निघून गेले.

चार बोटे उरलेल्या एकाच हाताने त्याने डोंगराच्या कुशीत राहण्यापुरती गुहा खोदली. पुढे एका जहाजावरून एक कोंबडा समुद्रात पडला व लाटांबरोबर किनाऱ्यास लागला. लोपिशने त्याला वाचविले. तो कोंबडा दिवसा त्याच्या मागे हिंडे आणि रात्री त्याच्याच गुहेत निजे. जहाजे येत, लोपिश लपे. ती जाताना त्याच्यासाठी काहीतरी ठेवून जात. त्यातील बियाणे त्याने पेरले, जनावरे वाढविली. भोपळे, डाळिंबे, कोंबड्या, बदके, शेळ्या, डुकरे असा त्याचा संसार वाढला. कालांतराने जहाजावरून पळालेला जावाकडील एक गुलाम मुलगा त्याच्याकडे राहिला. पुढे त्याच मुलाने एका कप्तानास त्याची लपण्याची जागा दाखविली. पण त्या कप्तानाने त्याला बळजबरीने नेले नाही. उलट यापुढे कोणी त्यास नेऊ नये, असे पत्र लिहून दिले.

सुमारे दहा वर्षांनी राजाज्ञेवरून तो लिस्बनला गेला. राजा-राणीने त्याची भेट घेतली व एखाद्या मठात राहण्याची सोय करू केली. ती त्याने नाकारली. तो रोमला गेला, पोपसमोर आपल्या धर्मत्यागाची कबुली दिली व क्षमा मिळविली. आता मायदेशाचे दार पूर्ण उघडे होते. तरीही त्याने एकच मागणे मागितले: मला माझ्या बेटावर परत जाऊ द्या. ते मान्य झाले. तो परतला, पुन्हा झाडे लावू लागला, आणि 1545 च्या सुमारास तेथेच मृत्यू पावला.

येथे वंशशोधकाने एक सावधगिरी बाळगावी. पंधराव्या शतकात पोर्तुगालमध्ये याच नावाचा एक प्रसिद्ध इतिहासलेखक होऊन गेला, तो निराळा. गोव्यात आजही लोपिश आडनावाची घराणी आहेत. परंतु धर्मांतराच्या वेळी पाद्री वा धर्मपित्याचे आडनाव मिळण्याची तेथे रीत होती, म्हणून आडनावावरून रक्ताचे नाते जोडता येत नाही. बेटावर तर लोपिशचा वंश राहिलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी तेथे कायमची वस्ती झाली.

मग त्याला मूळपुरुष का म्हणावे? 1588 मध्ये इंग्रज दर्यावर्दी टॉमस कॅव्हेंडिश बेटावर उतरला, तेव्हा त्याला लिंबे, संत्री, डाळिंबे व अंजीर यांनी बहरलेले खोरे आणि डोंगरभर शेळ्या दिसल्या. ती सारी लागवड एकट्या लोपिशची नव्हे, आणि शेळ्यांच्या कळपांनी पुढे मूळचे अरण्य उजाड केले, हेही सांगितले पाहिजे. पण येथे मनुष्य राहू शकतो, हे प्रथम त्याने दाखविले. दीर्घ प्रवासात आजारी पडलेल्या खलाशांना त्या फळांनी जीवदान दिले. त्यांना झाड कोणी लावले हे ठाऊक नसेल.

आपले मंडळ 50 वर्षांचे झाले. ज्यांनी येथे प्रथम बिऱ्हाड केले, पहिला गणपती बसविला, वर्गणीची पहिली पावती फाडली, त्यांतील कित्येकांची मुले-नातवंडे आज या गावी नाहीत, आणि आपले त्यांच्याशी रक्ताचे नातेही नाही. तरी आपण त्यांच्याच सावलीत बसलो आहोत. मुलांना आपली वंशावळ अवश्य सांगावी. पण तिच्याबरोबर या लावणाऱ्यांचीही नावे सांगावीत. कारण ती कोणत्याही उपाध्यायाच्या वहीत सापडणार नाहीत.