नोबेल यांची जन्माची डोकेदुखी

दरवर्षी १० डिसेंबरला स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिके दिली जातात. हा आल्फ्रेड नोबेल यांचा स्मृतिदिन. त्यांचे डायनामाइट, त्यांची संपत्ती आणि त्यांचे मृत्युपत्र सर्वांना ठाऊक आहे. या माणसाला अर्धशिशीने जन्मभर छळले, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

नोबेल यांचा जन्म १८३३ साली स्टॉकहोममध्ये झाला. लहानपणापासून प्रकृती तोळामासाच. १८४२ मध्ये कुटुंब रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथे घरीच शिकून हा मुलगा तरुणपणीच पाच भाषांत पारंगत झाला. डोकेदुखीने मात्र त्याची पाठ सोडली नाही.

पुढे त्यांनी काम निवडले तेही डोकेदुखी वाढवणारेच. १८४७ मध्ये इटलीतील आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केले. त्याचा कण जिभेवर ठेवला तरी डोके ठणकते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. नोबेल यांनी याच धोकादायक द्रवाला आवर घालायचे ठरवले. १८६४ मधील स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल दगावला, तरी त्यांनी काम सोडले नाही. १८६७ मध्ये हा द्रव सच्छिद्र मातीत मुरवून त्यांनी डायनामाइटचे पेटंट घेतले.

त्यानंतर स्फोटकांच्या कारखान्यांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रविवारची सुट्टी घेऊन आलेल्या कामगारांचे डोके सोमवारी भयंकर दुखायचे. आठवडाभरात शरीराला सवय व्हायची आणि दुखणे ओसरायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. नायट्रोग्लिसरीन त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकू लागते.

रक्तवाहिन्या रुंदावण्याचा हाच गुण हृदयविकारात उपयोगी पडतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी छातीतील कळांवर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला.

नोबेल १८९१ मध्ये पॅरिस सोडून इटलीतील सान रेमोला राहायला गेले. लग्न केलेले नव्हते, घरात माणसे होती ती नोकरांचीच. डोकेदुखीच्या जोडीला आता छातीतील कळाही आल्या होत्या. १८९६ मध्ये डॉक्टरांनी त्यांना औषध लिहून दिले ते नायट्रोग्लिसरीनच! औषधवाले आणि रुग्ण घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन म्हणत. नियतीची ही थट्टा नोबेल यांनी आपले सहकारी रागनार सोलमन यांना पत्रातून कळवली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत मातृभाषा स्वीडिश तेवढी ओठांवर उरली होती आणि ती जवळच्या नोकरांना समजत नव्हती.

नायट्रोग्लिसरीनपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तोच रक्तवाहिन्या सैलावतो, हे उलगडायला पुढे जवळपास ऐंशी वर्षे लागली. या वायूच्या कार्याचा शोध घेणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिकच मिळाले.

आज नायट्रेटची गोळी घेणाऱ्या अनेकांचे डोके दुखते. म्हणून ती परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्यावी. डोकेदुखीने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने डोके आणखी दुखते, या चक्रात अडकलेल्यांनी रोज वेदनाशामक गोळी घेणेही टाळावे. महिन्यातून दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी चिकटून बसते. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली किंवा झोपेतून उठवणारी डोकेदुखी मात्र अंगावर काढू नये. नोबेल यांच्या काळात डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. आज निदान आहे आणि उपचारही आहेत.