मज्जातंतूंचा अबोल ऱ्हास आणि डॉ. खानोलकर

कुष्ठरोगाविषयीची जी भीती समाजमनात शतकानुशतके घर करून बसली आहे, तिचे मूळ रुग्णाच्या झडलेल्या बोटांत आहे. रोगामुळे बोटे सडून गळतात, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वस्तुस्थिती निराळी आहे. हातापायांना संवेदना पुरविणारे मज्जातंतू प्रथम निकामी होतात. मग चुलीवरचे तापलेले भांडे धरले तरी वेदना होत नाही, पायात काटा मोडला तरी कळत नाही. दुर्लक्षित जखमा चिघळतात आणि त्यांतून अवयव हळूहळू झिजत जातो. हा रोग मूलतः मज्जातंतूंचा आहे, हे सूक्ष्मदर्शक यंत्राच्या आधारे ज्यांनी ठामपणे मांडले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. कर्करोग-संशोधक म्हणून त्यांची कीर्ती मोठी. त्यांच्या या दुसऱ्या कार्याची ओळख मात्र सामान्य वाचकास अभावानेच आहे.

डॉ. खानोलकर यांचा जन्म 1895 साली क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठातून 1923 साली विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन करून ते मायदेशी परतले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. 1952 साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होत. धोतराच्या घट्ट गाठीखाली वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे त्यांनी केलेले वर्णन जगभर गाजले. लोकांच्या नित्याच्या सवयींत रोगाचे कारण शोधण्याची ही दृष्टी त्यांच्या सर्वच संशोधनात दिसते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी 1873 सालीच शोधून काढला होता आणि रोगात मज्जातंतू बिघडतात हेही वैद्यांना ठाऊक होते. परंतु अभ्यास होई तो प्रामुख्याने रोग बळावलेल्या, विद्रूप झालेल्या रुग्णांचा. डॉ. खानोलकरांनी आपले लक्ष वळविले ते रोगाच्या अगदी आरंभाकडे. नुकत्याच उमटलेल्या फिकट चट्ट्यातील त्वचेचे सूक्ष्म काप घेऊन त्यांनी त्यांचे परीक्षण केले. त्यांचे निष्कर्ष भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1951 साली प्रसिद्ध केले. वरून फारसे काही दिसत नसतानाही त्वचेतील बारीक मज्जातंतूंत जंतूंनी ठाण मांडलेले असते, आणि तेथून ते तंतूंच्या मार्गाने वर सरकतात, असे त्यांनी प्रतिपादिले. रोगाचे पुढे कोणतेही रूप होवो, त्याचा उगम या तंतूंपाशी आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय.

मज्जातंतू एवढ्या सहजी का नष्ट व्हावा? खंडाळ्याच्या घाटातील लोहमार्ग डोळ्यांपुढे आणल्यास हे ध्यानात येईल. उघड्या माळावर दरड आली तर ती बाजूला सारता येते. बोगद्यात आली तर सारी वाहतूक खुंटते. कोपराच्या मागून जाणारा मज्जातंतू असाच घट्ट आवरणात आणि हाडालगतच्या अरुंद जागेत बांधलेला असतो. जंतूंना प्रतिकार करण्यासाठी शरीराच्या पेशी तेथे धावून येतात, दाह निर्माण होतो, सूज येते. पण सुजेला पसरण्यास वाव नसतो. तंतू दबतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि रक्षणासाठी आलेली सेनाच घर उद्ध्वस्त करते. म्हणूनच औषधाने जंतू मेल्यानंतरही त्यांच्या अवशेषांमुळे दाह भडकू शकतो, आणि म्हणूनच जंतुनाशकांच्या जोडीला दाह शमविणारी औषधे वेळेवर द्यावी लागतात. तंतूची हानी होऊन सहा महिने उलटण्याच्या आत ती मिळाली, तर गेलेली शक्ती परतण्याची आशा असते.

डॉ. खानोलकरांचे सर्वच निष्कर्ष जसेच्या तसे टिकले असे नाही. तंतूंना वेढून असणाऱ्या आणि त्यांची जोपासना करणाऱ्या पेशी हे जंतूंचे मुख्य आश्रयस्थान असल्याचे पुढील संशोधनाने दाखविले. त्यांच्या केंद्रात 1958 साली रुग्णांच्या गाठींतून वाढविलेला जीवाणूही पुढे निराळ्या जातीचा ठरला. तथापि त्यापासून प्रतिबंधक लस तयार होऊन तिच्या मोठ्या चाचण्या झाल्या. मूळ प्रश्न मात्र त्यांनी योग्य जागी उभा केला होता. 2017 साली झेब्रा माशांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की जंतूच्या आवरणातील एका द्रव्यामुळे शरीराच्याच भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात आणि त्याने तंतूंची हानी होते. दाहामुळे मज्जापेशींचा ऱ्हास कसा होतो, हा प्रश्न आज स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या विकारांबाबतही विचारला जात आहे.

1960 ते 1963 या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविलेले डॉ. खानोलकर 1978 साली निवर्तले. त्यानंतर 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धती सुचविली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे उच्चाटन झाल्याचे भारताने 2005 च्या अखेरीस घोषित केले. 1898 चा कुष्ठरोग कायदा 2016 साली रद्द झाला. असे असूनही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण भारतातच आढळतात, आणि त्यांतील कित्येकजण हात वाकडा झाल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात.

या विलंबाचे कारण भीती हेच आहे. चट्टा बधिर असतो, दुखत नाही, खाजत नाही. शिवाय नाव उच्चारताच विवाह मोडेल, नोकरी जाईल या धास्तीने तो सदऱ्याच्या बाहीखाली लपविला जातो. त्या अवधीत आतील तंतू मरत असतात, आणि मेलेला तंतू कोणतेही औषध जिवंत करू शकत नाही. वर्गातील मुलाच्या पाठीवरचा फिकट, बधिर डाग शिक्षकाच्या दृष्टीस पडावा, त्याने पालकांस शांतपणे आरोग्य केंद्राकडे धाडावे आणि मुलाचे बाक मात्र बदलू नये, एवढे घडले तरी पुष्कळ साधेल. डॉ. खानोलकरांनी आरंभीच्या चट्ट्याकडे वेधलेले लक्ष प्रयोगशाळेतून शाळेत आणि कचेरीत पोहोचणे, हे त्यांच्या कार्याचे उरलेले अर्धे काम होय.