डॉ. बँटिंग

माझ्या धाकट्या बहिणीला टाइप १ मधुमेह आहे. सुट्टीत घरी गेलो की तिचं इन्सुलिन फ्रिजमधून मीच काढून देतो. म्हणून फ्रेडरिक बँटिंग मला घरचेच वाटतात.

त्यांचा जन्म कॅनडात १४ नोव्हेंबर १८९१ रोजी झाला (म्हणजे आपल्या बालदिनाला!). पहिल्या महायुद्धात ते सैन्यात डॉक्टर होते. १९१८ मध्ये काँब्रेच्या लढाईत हाताला जखम झाली, तरी ते सैनिकांवर उपचार करत राहिले. त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला.

त्या काळी मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. दुसरा इलाजच नव्हता. १९२१ मध्ये टोरांटोत मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये तो लेनर्ड थॉम्पसनला टोचला. लेनर्ड १४ वर्षांचा, माझ्याहून एकाच वर्षाने लहान. पहिलं इंजेक्शन फसलं. कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला आणि साखर उतरली.

१९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बेस्टना वगळल्यामुळे बँटिंग चिडले आणि आपली अर्धी रक्कम त्यांना दिली. हा राग मला आवडतो.

१९४१ मध्ये युद्धकामासाठी इंग्लंडला जाताना विमान कोसळून ते गेले.

बहीण आता इंजेक्शन स्वतःच घेते.